डोंगरउतारावरच्या जागेचा दरड-अहवाल : हद्द कुठपर्यंत द्यायची?

कात्रज, आंबेगाव, बावधन, मुंब्रा, लोणावळा अशा भागांतल्या जागांसाठी आमच्याकडून दरडीच्या धोक्याचा अहवाल मागवणाऱ्या सोसायट्या, बांधकाम व्यावसायिक आणि आर्किटेक्ट यांच्यासाठी हे पत्रक आहे. उपग्रह प्रतिमा आणि ड्रोन मोजणी म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहेच. काम अडतं ते एकाच ठिकाणी. आमच्याकडे केएमएल फाइल (गूगल अर्थवर आखलेल्या हद्दीची फाइल) येते ती फक्त मोजणी नकाशातल्या हद्दीची.

दरड सुटते वरच्या उतारावर आणि नुकसान होतं खालच्या प्लॉटात. माळीण (३० जुलै २०१४) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे घरांवर आलेला माती-दगडांचा लोंढा घरांच्या वरच्या उतारावरून आला होता. १०० मीटर उंचीवरून सुटलेला असा लोंढा उगमापासून आडव्या अंतरात २००-३०० मीटर सहज जाऊ शकतो. दोन एकरांच्या प्लॉटचाच नकाशा केला, तर त्यात धोका दिसणारच नाही आणि अहवाल खोटा दिलासा देईल. म्हणून हद्द अशी आखा : वर डोंगराच्या माथ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना लगतच्या ओढ्यांपर्यंत, खाली रस्त्यापर्यंत किंवा नाल्यापर्यंत. प्लॉटची हद्द त्याच फाइलमध्ये वेगळ्या रंगात ठेवा. गूगल अर्थवर हे काम अर्ध्या तासाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं लोकेशन किंवा नकाशाचा फोटो चालत नाही, कारण त्यावरून क्षेत्र आखता येत नाही.

हद्द नंतर वाढवली की ड्रोन पुन्हा उडवावा लागतो, डीजीपीएसचे (उपग्रहांच्या मदतीने अचूक स्थान मोजणाऱ्या यंत्राचे) नियंत्रण बिंदू, म्हणजे जमिनीवरच्या मोजलेल्या खुणा, पुन्हा बसवावे लागतात आणि वरच्या जमीनमालकाची किंवा वनखात्याची परवानगी नव्याने घ्यावी लागते. लोहगाव विमानतळाच्या आसपास हवाई परवानगीचाही वेळ धरावा लागतो. ‘प्लॉट दोन एकरांचा, मग बिल तीस एकरांचं का?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. त्याचं उत्तर वर आलंच आहे. क्षेत्र कमी करून बिल कमी करणं आम्हाला सोपं आहे, पण तसा अहवाल आम्ही देत नाही.

दुसरा प्रश्न : ‘फुकटचे नकाशे असताना तुमचा कशाला?’ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणता नकाशे (कुठे दरड सुटण्याची शक्यता किती, हे दाखवणारे) चांगले आहेत आणि आम्हीही सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. पण ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यांत १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. अर्ध्या एकराचा प्लॉट १ मिलिमीटरच्या ठिपक्यात मावून जातो.

उंचीच्या आकड्यांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सहज मिळणारा एसआरटीएमचा (अंतराळयानातल्या रडारने मोजलेल्या उंचीचा) डेटा फेब्रुवारी २००० मधला आहे, ३० मीटरच्या चौकटींचा. त्यानंतर टेकड्या पोखरून झालेले रस्ते, भराव, पार्किंग त्यात नाहीत. शिवाय ३० मीटरच्या चौकटीत डोंगराची ६ मीटरची उभी कापणी असली, तरी सरासरीत ती १:५ म्हणजे सुमारे ११ अंशांचा सौम्य उतार दिसते. शहरात दरडी बहुतेक अशा कापण्यांवरच सुटतात. म्हणून आम्ही ड्रोनने ५ सेंटिमीटरपर्यंत बारकाईच्या प्रतिमा घेतो. पण फोटोंवरून मिळते ती झाडांच्या शेंड्यांची उंची. गिरिपुष्प, घाणेरी किंवा करवंदाच्या जाळ्या दाट असतील तर लायडार (लेझर किरणांनी उंची मोजणारं उपकरण) लागतो. त्याचे किरण पानांमधल्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. तो महाग आहे, त्यामुळे उघड्या खडकाळ उतारावर आम्ही तो सुचवत नाही.

रडारच्या प्रतिमांविषयीही बरीच अपेक्षा असते. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहाच्या २०-२५ प्रतिमा एकावर एक ठेवल्या की इमारती, संरक्षक भिंती, उघडा कातळ यांची वर्षाला काही मिलिमीटरची हालचाल कळते. सावकाश सरकणाऱ्या भरावासाठी हे उत्तम साधन आहे. मात्र पावसाळ्यात वाढणाऱ्या गवता-झाडीत त्याचे संकेत विस्कळीत होतात, आणि उपग्रह पूर्व-पश्चिमेकडून तिरपा पाहत असल्याने उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे घसरणारा उतार जवळजवळ दिसत नाही. मुसळधार पावसात क्षणात सुटणारी दरड आधी ओळखणं यातून शक्य नाही. ‘कोणत्या दिवशी कोसळेल’ असं सांगणारा अहवाल कुणी देऊ केला, तर तो घेऊ नका.

वरून न दिसणारी गोष्ट म्हणजे डोंगराचं पोट. आपल्याकडे बेसॉल्टच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे असतात आणि कातळावर मुरमाचं आवरण असतं. पाणी मुरमातून मुरून कातळाच्या माथ्यावरून वाहतं, तिथेच घसरण होते. त्यामुळे जागेवर येऊन चाचणी खड्डे, झरे, माथ्यावरच्या भेगा, कललेले खांब, बंद पडलेली गटारं पाहणं आमच्या दरात धरलेलं आहे; ते वगळून फक्त नकाशा आम्ही विकत नाही. बऱ्याचदा पहिला उपाय भिंतीपेक्षा स्वस्त निघतो : माथ्यावर पाणी अडवून बाजूला काढणारं गटार, आणि असलेल्या भिंतीतली पाणी निचऱ्याची बुजलेली छिद्रं मोकळी करणं.

ड्रोनसाठी मार्च ते मे उत्तम, गवत वाळलेलं आणि पानं गळलेली असतात. परवानग्या धरून फेब्रुवारीअखेर हद्दीची फाइल, मोजणी नकाशा आणि केलेल्या खोदाईच्या तारखा पाठवा. खोदाई सुरू व्हायची असेल तर त्याआधीच पाठवा. फाइल आली की माथ्यापर्यंतची हद्द बरोबर आखली आहे का, हे आम्ही शुल्क न घेता तपासून कळवतो.