ओरिएंटेशन, रिफ्रेशर आणि आता मालवीय मिशन: गोव्यातल्या प्राध्यापक-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

शाळेत शिकवायचे तर बी.एड. किंवा डी.एड. लागते. कॉलेजात शिकवायला मात्र एम.ए., एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. विषयाचे ज्ञान असले की शिकवणे आपोआप जमते, हे आपल्या उच्च शिक्षणाने फार काळ गृहीत धरले होते. आज स्टाफरूममध्ये 'तुझं ओरिएंटेशन झालं?', 'रिफ्रेशरला नंबर लागला?' असे प्रश्न रोज ऐकू येतात. ओरिएंटेशन म्हणजे प्राध्यापकांचा सर्वसाधारण प्रशिक्षणवर्ग, रिफ्रेशर म्हणजे विषयाची उजळणी करणारा. त्या प्रश्नांचा उगम वरच्या गृहीतकाला तडा गेला तिथे आहे.

मुक्तीनंतर लगेच, 1962 मध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली आणि ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. पदव्युत्तर शिक्षणासाठी पणजीत मुंबई विद्यापीठाचेच केंद्र होते. अभ्यासक्रम, पेपर, निकाल, सगळ्यांची सूत्रे मुंबईत. गोव्यातला प्राध्यापक त्या व्यवस्थेच्या अगदी टोकाला होता. स्वतःची वाढ करायची तर सुट्टीत मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत बसायचे किंवा पीएच.डी.साठी तिकडचा मार्गदर्शक शोधायचा. ज्यांनी हे केले त्यांनी ते स्वतःच्या हिमतीवर केले, आणि गोव्यातल्या कॉलेजांचा पाया त्यांच्यामुळे भक्कम झाला.

देशपातळीवर हालचाल सुरू होती. 1964 ते 66 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिक्षकांच्या तयारीकडे लक्ष वेधले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिष्यवृत्तीवर काही प्राध्यापक रजा घेऊन संशोधन पूर्ण करत. खरे वळण आले ते 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने. त्याच सुमारास वेतनश्रेण्या सुधारल्या आणि बढतीला प्रशिक्षणाची अट जोडली गेली. मग निवडक विद्यापीठांत प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली.

गोव्यासाठी हा काळ जुळून आला. 1984 च्या कायद्यानुसार गोवा विद्यापीठ 1 जून 1985 रोजी सुरू झाले. इतिहासकार प्रा. बी. शेख अली पहिले कुलगुरू झाले. पुढे ताळगाव पठारावर विद्यापीठाचे स्वतःचे स्टाफ कॉलेज आले. प्रशिक्षणासाठी राज्याबाहेर जाण्याची सक्ती सुटली, आणि बाहेरचे प्राध्यापक इथे येऊ लागले. एवढ्याशा राज्यात एखाद्या विषयाचे शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांना परराज्यातले समविषयी सहकारी घरच्या अंगणात भेटणे ही मोठी गोष्ट होती.

त्या काळी ओरिएंटेशन म्हणजे चार आठवडे: कामाचे 24 दिवस, रोज सहा तास, एकूण 144 तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचा, 108 तासांचा होता. ओरिएंटेशनमध्ये सगळ्या विषयांचे शिक्षक एका वर्गात बसत. समाज आणि शिक्षणाचे नाते, अध्यापनशास्त्र, माहितीची साधने, व्यवस्थापन असा त्याचा आवाका होता. माझ्या मते त्यातला सर्वांत मोलाचा भाग सूक्ष्म अध्यापनाचा. दहा-पंधरा मिनिटांचा पाठ सहकाऱ्यांसमोर घ्यायचा आणि नंतर त्यांचे ऐकून घ्यायचे. रसायनशास्त्राच्या मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलतात हे मराठीच्या सरांना दिसते. मराठीचे सर सबंध पाठात एकही प्रश्न विचारत नाहीत हे त्या मॅडमना दिसते. वर्षानुवर्षे वर्गात एकटे शिकवणाऱ्याला आपले शिकवणे दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची ही एकमेव संधी असते.

पण बढतीची अट होती, आणि ती हळूहळू मूळ हेतूवर चढली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. दोन आठवड्यांहून कमी नसलेल्या कोर्सला 20 गुण, एका आठवड्याच्या कोर्सला 10. लगेच कॉलेजाकॉलेजांत चर्चासत्रे आणि कार्यशाळांचा पूर आला. काही उत्तम झाली, बऱ्याच फाइलसाठी झाल्या. फाइलमध्ये प्रमाणपत्र वाढले म्हणून वर्ग सुधारत नाही, हे धोरण आखणाऱ्यांना आधीच दिसायला हवे होते. 2018 च्या नियमांनी गुणांचा हा जाच बराच सैल केला आणि केंद्र सरकारच्या स्वयम्‌सारख्या मंचावरचे ऑनलाइन कोर्सही ग्राह्य धरले.

मधल्या काळात नावे बदलत गेली. स्टाफ कॉलेजचे मानव संसाधन विकास केंद्र झाले. 5 सप्टेंबर 2023 ला मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाल्यावर देशभरातली 111 केंद्रे त्याच नावाखाली आली. भारतीय ज्ञानपरंपरा, संशोधन, नेतृत्व, माहिती तंत्रज्ञान असे आठ विषय ठरले. 2020 च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारे कोर्स बहुतेक ऑनलाइन असतात. काणकोण किंवा पेडण्याच्या शिक्षकाला ताळगावला खेपा घालाव्या लागत नाहीत, हे सोयीचे आहे. पण कॅमेरा बंद करून ऐकलेल्या व्याख्यानातून सूक्ष्म अध्यापन होत नाही, आणि मला तीच हानी सर्वांत मोठी वाटते.

बढतीशी काही संबंध नसलेली एक वाटही गोव्यात आहे. राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या साहाय्याने गोवा विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापकांची अध्यासने आहेत. गोव्यातल्या कोसबेनमध्ये जन्मलेले इतिहासकार डी. डी. कोसंबी यांच्या नावाचे, कवी बाकीबाब बोरकरांच्या नावाचे, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या नावाचे. नामवंत अभ्यासक येऊन छोटे अभ्यासक्रम घेतात. ज्या कॉलेज शिक्षकाला मनापासून शिकायचे असते, तो गुणांचा हिशोब न करता अशा ठिकाणी जाऊन बसतो.

या सगळ्या इतिहासात लेक्चर बेसिसवरचा, म्हणजे तासावर पगार घेणारा हंगामी शिक्षक कडेलाच राहिला. ठरावीक काळ शिकवलेल्या हंगामी व कंत्राटी शिक्षकांना कोर्सला घेण्याची मुभा नियमांत जुनीच आहे. पण त्याला बढती नाही, म्हणून कोर्स करण्याची निकड नाही. पगार तासावर, म्हणून दोन आठवडे प्रशिक्षणाला बसायचे तर तेवढ्या तासांचे पैसे बुडतात. भरपगारी कर्तव्य-रजा कायम शिक्षकाला मिळते, त्याला नाही. आणि कित्येक विभागांत प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गापुढे उभा असतो तो हाच शिक्षक.