डबल करत जाणं आणि पानं मोजणं

शुक्रवारी रात्री पुण्याहून पणजीला निघणाऱ्या बसमध्ये एक तरी इंजिनिअर असा असतो, ज्याच्याकडे कॅसिनोत हमखास जिंकायची ‘सिस्टिम’ असते. (महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा कायदा १९७६ सालीच झाला होता; तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. म्हणून मांडवीतली कॅसिनोची जहाजं गाठायची.) शंका काढली की उत्तर तयार: “अरे, अमेरिकेत एका गणितज्ञानं कॅसिनोला हरवलंय, वाच जरा!” गणितज्ञाची गोष्ट खरी आहे. आपला इंजिनिअर करणार आहे ते मात्र भलतंच काहीतरी.

त्याची सिस्टिम बहुतेक वेळा मार्टिंगेल असते. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात थांबते त्या खेळात, लालवर १०० रुपये लावायचे, हरलो तर २००, मग ४००, मग ८००. कधीतरी लाल येणारच. आलं की आधीचं सगळं वसूल होऊन वर १०० सुटतात.

युरोपियन चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. लाल आलं तर लावले तेवढेच वर मिळतात, पण लाल येण्याची शक्यता ४८.६५ टक्केच. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. आता डबल करत सलग सात वेळा हरलात, तर १२,७०० रुपये गेले. आठव्या वेळी १२,८०० लावायचे असतात आणि तिथं खिसा तरी संपतो, नाहीतर टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. असं १०० पासून सुरू केलेल्या साधारण १०६ प्रयत्नांत एकदा होतं. उरलेल्या १०५ वेळा शंभर-शंभर सुटले, त्याचे १०,५००. एका फटक्यात गेले १२,७००. पैज फिबोनाचीच्या आकड्यांनी (१, १, २, ३, ५, ८...) वाढवा की एकेका चिपनं, लावलेल्या एकूण रकमेवरचे २.७० टक्के तसेच कापले जातात. फक्त तोटा कधी आणि केवढ्या ढिगानं येणार, एवढं बदलतं. शंभरेक वेळा जिंकलेल्या माणसाला हे पटवणं अवघड असतं, हे मान्य.

आणि ‘आता लाल यायलाच हवं’ हे चाकाला कोण सांगणार? मोंटे कार्लोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा सलग २६ वेळा आला. लोक लालवर पैसे वाढवत गेले आणि बुडाले.

तो गणितज्ञ म्हणजे एडवर्ड थॉर्प. १९६०च्या सुमारास एमआयटीत असताना त्यानं आयबीएम ७०४ या संगणकावर ब्लॅकजॅकचा हिशोब मांडला. या पत्त्यांच्या खेळात एकवीसच्या पुढे न जाता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोच्या माणसापेक्षा, जास्त बेरीज करायची असते. ब्लॅकजॅकमध्ये पडलेली पानं पुन्हा पिसेपर्यंत डावात परत येत नाहीत. मेंढीकोट खेळताना कोणत्या दश्श्या पडल्या हे लक्षात ठेवणारी आत्या जे करते, तेच इथं कामाला येतं. प्रचलित पद्धत अशी: दुर्री ते छक्की पडली की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी, चित्रं आणि एक्का उणे एक. बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येनं भागायचं. बेरीज चढली म्हणजे मोठी पानं शिल्लक आहेत. डीलरला सतरा होईपर्यंत पान घ्यावंच लागतं, त्यामुळे अशा वेळी तो एकवीसच्या पुढे जास्त वेळा जातो. शिवाय ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एकवीस) दोघांनाही जास्त वेळा लागतं, पण दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात. सरावलेल्या माणसाला यातून मिळणारी आघाडी तरी केवढी? साधारण एक टक्का, तीही तासन्‌तास न चुकता मोजलं तर.

घोटाळा होतो तो इथं, कारण डबल करणारा आणि पानं मोजणारा, पैज दोघंही वाढवतात. एकाचा आकडा आपण किती हरलो यावरून ठरतो, दुसऱ्याचा कॅटात काय उरलंय यावरून. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केलीनं १९५६ साली आघाडी असेल तर खिशातला कितवा हिस्सा लावावा याचं सूत्र दिलं. रूलेटच्या लालचे आकडे त्यात घाला: उत्तर उणे १/३७. म्हणजे लावूच नका.

कॅसिनोला हा फरक चांगला कळतो. रूलेटशेजारी मागचे आकडे दाखवणारा फलक ते स्वतःच लावतात. सिस्टिमवाल्यांचं स्वागतच असतं. ब्लॅकजॅकवर मात्र सहा-आठ कॅट एकत्र करतात, लवकर पिसतात, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात मोजणाऱ्याला उठवूनही देतात. काही टेबलांवर तर प्रत्येक डावानंतर पानं थेट पिसणाऱ्या यंत्रात जातात; तिथं मोजण्यासारखं काही उरतच नाही. ब्लॅकजॅकला ३ ला २ (म्हणजे दीडपट) ऐवजी ६ ला ५ देणारं टेबलही असतं. या एका बदलानं कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मोजून मिळवलेल्या आघाडीपेक्षा जास्त.