नळीतलं रक्त आणि घड्याळ

सुई बाहेर आली की रक्ताचं काम संपलं असं आपल्याला वाटतं. नळीतल्या पेशींना मात्र याचा पत्ता नसतो. त्या साखर खात राहतात. रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातलं ग्लुकोज खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम प्लाझ्माच्या, म्हणजे पेशी ज्यात तरंगतात त्या द्रवाच्या, तिसेक पट असतं. त्यातल्या थोड्या जरी फुटल्या तरी माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट घाबरवणारा, असा प्रकार होतो. मग लॅबमधून निरोप येतो: सॅम्पल हिमोलाइज झालंय (पेशी फुटल्यात), परत घ्या. पेशींपासून प्लाझ्मा वेगळा काढायची एवढी घाई असते ती यामुळे.

ठेवलेल्या रक्ताचे थर पडतात, हे फार जुनं निरीक्षण. काचेच्या भांड्यात तळाशी काळपट गुठळी, तिच्यावर लाल थर, मग पांढुरका पापुद्रा आणि सगळ्यात वर पिवळसर पाणी. ग्रीक वैद्यकातली चार द्रवांची कल्पना यावरूनच सुचली असावी, असं स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी विसाव्या शतकात सुचवलं. तर्कच तो, पण भांडं डोळ्यांसमोर आणलं की पटतो.

हे पिवळं पाणी म्हणजे सीरम. गोठताना त्यातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बनवणारं प्रथिन, खर्ची पडलेलं असतं. प्लाझ्मा हवा असेल तर मुळात रक्त गोठूच द्यायचं नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ह्यूसन यांनी १७७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते करून दाखवलं. त्यांनी ताज्या रक्तात क्षार मिसळले, तांबड्या पेशी खाली बसू दिल्या आणि वरचा द्रव काढून घेतला. तो पुढे गोठला. गोठण्याचा गुण पेशींत नसून द्रवात आहे, हे त्यातून ठरलं.

क्षारांमुळे नेमकं काय होतं, ते १८९०च्या सुमारास फ्रान्समध्ये आर्थस आणि पाझेस यांच्या प्रयोगांतून कळलं: कॅल्शियम अडवलं की गोठणं थांबतं. ऑक्झलेट, सायट्रेट आणि पुढे ईडीटीए ही गोठणं रोखणारी रसायनं याच वाटेनं जातात. म्हणूनच ईडीटीएच्या नळीतल्या रक्तावर कॅल्शियमची तपासणी करत नाहीत. ते आधीच बांधलं गेलेलं असतं. हेपारिनही गोठणं रोखतं, पण त्याची वाट निराळी. ते कॅल्शियमला हात लावत नाही. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधला जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता, आणि हाती लागला नेमका उलट्या गुणाचा.

राहिला वेगाचा प्रश्न. नुसत्या वजनानं पेशी तासाला काही मिलिमीटरच खाली सरकतात. ईएसआर ही तपासणी तेवढंच मोजते. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रानं हा वेळ मिनिटांवर आणला. सुरुवातीची यंत्रं दांडा धरून हातानं फिरवायची. स्वीडनमधल्याच ब्लिक्स आणि हेडिन यांनी १८९०च्या आसपास हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) काढण्यासाठी हे फिरवणं वापरलं, म्हणजे त्यांचं लक्ष पेशींच्या थराकडे होतं. आज गुरुत्वाकर्षणाच्या हजार-दोन हजार पट जोरानं दहाएक मिनिटं नळी फिरवली की काम होतं. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर यंत्र थडथडायला लागतं.

पण फिरवून बाहेर काढलेली नळी हलली की थर पुन्हा मिसळू लागतात. त्यावर तोडगा म्हणून नळीत जेल आलं. त्याची घनता पेशींहून कमी आणि प्लाझ्माहून जास्त, त्यामुळे फिरताना ते आपोआप दोघांच्या मधे जाऊन बसतं.

वीज नसेल तिथे काय? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटानं कागदाची चकती दोरीत ओवली. दोरीला पीळ देऊन दोन्ही हातांनी ओढायची, बटण फिरवायच्या खेळण्यासारखी. दीड मिनिटात प्लाझ्मा वेगळा. काही तपासणीपट्ट्यांना तेही लागत नाही: थेंब वरून टाकायचा, तांबड्या पेशी काचतंतूंच्या जाळीत अडकतात आणि खालच्या रसायनापर्यंत फक्त प्लाझ्मा झिरपतो.