कालगणनेतील दुरुस्ती : लीप दिवस, अधिक मास, लीप सेकंद

दिनदर्शिका किंवा घड्याळ पृथ्वीच्या प्रत्यक्ष गतीपासून ढळू लागले, की त्यात दिवस, महिना वा सेकंद घालून अथवा गाळून ते पुन्हा जुळवून घेण्याची रीत. पृथ्वीच्या दोन गतींशी येथे संबंध येतो. सूर्याभोवतीच्या परिभ्रमणाने वर्ष ठरते, स्वतःभोवतीच्या परिवलनाने दिवस. या दोन गतींचे आपसांत काही नाते नाही, त्यामुळे वर्षात दिवस पुरते बसत नाहीत. शिवाय परिवलनाचा वेग एकसारखा राहत नाही. पहिल्या अडचणीपायी दिनदर्शिका दुरुस्त करावी लागते, दुसरीपायी घड्याळ. अनेक देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, ती मात्र निव्वळ माणसांची सोय आहे. तिचा या नोंदीशी संबंध नाही.

वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो तो बिंदू) निघालेला सूर्य पुन्हा वसंतसंपाती यायला ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंद लागतात. हे सायन वर्ष. ऋतू याच वर्षाने फिरतात. ३६५ दिवसांवरचे हे तास सोडून दिले तर चार वर्षांत ऋतू जवळजवळ एका दिवसाने पुढे सरकतात. इ. स. पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने रोमन दिनदर्शिका सुधारायला घेतली, तेव्हा ती ऋतूंपासून इतकी भरकटली होती की जागेवर आणण्यासाठी ते एक वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. अलेक्झांड्रियाचा ज्योतिर्विद सोसिजेनीस याच्या सल्ल्याने पुढील वर्षापासून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याचा नियम आला. नियम सोपा होता, पण पाळताना तोही चुकला. रोमन मोजणीत सुरुवातीचे वर्षही धरत असल्यामुळे पुरोहितांनी ‘दर चौथे’ म्हणजे तीन-तीन वर्षांनी असा अर्थ लावला, आणि वाढलेले दिवस जिरवण्यासाठी ऑगस्टसला पुढची काही लीप वर्षे गाळावी लागली.

खरा दोष निराळाच होता. सीझरचे वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे, म्हणजे सायन वर्षापेक्षा सव्वाअकरा मिनिटांनी मोठे. वर्षाला सव्वाअकरा मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चवर आला होता. ईस्टरची तारीख संपातावर अवलंबून असल्याने चर्चला हे खटकत होते. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये दुरुस्ती जाहीर केली. आराखडा लुईजी लिलिओ या वैद्याचा, आणि त्याची बाजू मांडणारा गणिती क्रिस्टोफर क्लॅव्हियस. त्या वर्षी गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. तारखा दहा गळाल्या, वारांची साखळी मात्र तुटली नाही. पुढच्यासाठी नियम असा की ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप धरायचे नाही. म्हणून १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हता, २००० साली होता. ४०० वर्षांत ९७ लीप दिवस येतात आणि सरासरी वर्ष सायन वर्षापेक्षा केवळ २७ सेकंदांनी मोठे राहते. एक दिवस चुकायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. योगायोगाची गोष्ट म्हणजे ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि या आकड्याला ७ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे दर ४०० वर्षांनी तारीख आणि वार यांचा मेळ जसाच्या तसा परत येतो.

पोपची दुरुस्ती म्हणून अनेक देशांनी ती दीर्घकाळ नाकारली. ब्रिटनने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला. रशियाने १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. स्वीडनची कथा सगळ्यांत गमतीची. दिवस एकदम गाळण्याऐवजी १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवसच घ्यायचे नाहीत, म्हणजे फरक आपोआप जिरेल, असा तिथला बेत होता. १७०० चा लीप दिवस गाळला, १७०४ आणि १७०८ चे मात्र घेतले गेले. त्यामुळे स्वीडनची तारीख जुन्या दिनदर्शिकेशीही जुळेना आणि नव्या दिनदर्शिकेशीही. शेवटी जुन्या तारखांवर परतण्यासाठी १७१२ मध्ये एक दिवस जास्तीचा घ्यावा लागला. तो दिवस ३० फेब्रुवारी.

लीप वर्षाचा नियम आकडेमोडीने आधीच सांगता येतो, हे ग्रेगरीय पद्धतीचे मुख्य बळ. इराणची सौर दिनदर्शिका याउलट प्रत्यक्ष संपाताला बांधलेली आहे: संपाताचा क्षण माध्यान्हाच्या आधी आला की नंतर, यावर वर्षाचा पहिला दिवस ठरतो. नियम पाठ करायला अवघड, पण ऋतूंशी मेळ अधिक चोख.

चंद्राचे महिने सांभाळणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे दरवर्षी जवळजवळ अकरा दिवसांचा तुटवडा. हिजरी दिनदर्शिका हा तुटवडा भरतच नाही, म्हणून तिचे महिने साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. ज्यू दिनदर्शिका १९ वर्षांत सात महिने वाढवते, कारण १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास जवळपास समान भरतात. भारतीय पंचांगात असे ठरीव चक्र नाही. ज्या चांद्रमासात सूर्याचे एकही राशिसंक्रमण होत नाही तो अधिक मास. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. एकाच चांद्रमासात दोन संक्रमणे आली तर क्षयमास होतो. हे फार क्वचित घडते. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये घडले होते. अधिक मासाने चंद्र सूर्याशी जोडला जातो खरा, पण ही संक्रमणे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असतात. नाक्षत्र वर्ष सायन वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे सुमारे ७० वर्षांत एक दिवस याप्रमाणे ती ऋतूंच्या मागे पडत राहतात. मकरसंक्रमण आणि प्रत्यक्ष उत्तरायण यांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे ते यामुळेच. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सायन वर्षावर बेतलेली आहे.

घड्याळाचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक अवघड. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्याने दाखवलेला माध्यान्ह घड्याळाच्या बारावर पडत नाही. छायायंत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे पुढे असते, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटे मागे. हा फरक दरवर्षी त्याच क्रमाने येत असल्यामुळे सरासरी सूर्य कल्पून तो मिटवता आला. न मिटणारी गोष्ट म्हणजे परिवलन हळूहळू मंदावते आहे. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचे घर्षण हे त्याचे प्रमुख कारण, आणि चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंमी. दूर जातो तो याच देवघेवीतून.

शतकामागे दिवस जेमतेम दोन मिलिसेकंदांनी लांबतो. इतकी सूक्ष्म गोष्ट उघड झाली ती ग्रहणांच्या जुन्या नोंदींतून. १५ एप्रिल, इ. स. पू. १३६ रोजी बॅबिलनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या पाट्यांवर आहे. परिवलनाचा वेग आजच्याएवढाच होता असे धरून गणित केले, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलनवर पडतच नाही. ती सुमारे ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागावरून जाते. म्हणजे पृथ्वीचे घड्याळ तेव्हापासून सव्वातीन तास मागे पडले आहे.

१९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या पृथ्वीपासून तोडून सिझियम-१३३ अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर आणली गेली. हा सेकंद मुळात १८२० च्या आसपासच्या दिवसाच्या मापाचा. त्यामुळे १९७२ च्या सुमारास प्रत्यक्ष दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा सुमारे तीन मिलिसेकंदांनी मोठा होता. येथे गल्लत नेहमी होते: लीप सेकंद घातला म्हणजे पृथ्वी सेकंदाने मंदावली असे नव्हे. रोज तीन मिलिसेकंद साठत गेले की वर्षभरात सेकंद भरतो, इतकेच. अणुघड्याळांची जागतिक वेळ आणि पृथ्वीची वेळ यांतील फरक ०.९ सेकंदाच्या आत ठेवण्यासाठी १९७२ पासून लीप सेकंद घालू लागले. पृथ्वीच्या परिवलनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा तो सुमारे सहा महिने आधी जाहीर करते, आणि तो जूनच्या किंवा डिसेंबरच्या अखेरीस येतो. त्या रात्री ग्रिनिचच्या घड्याळात २३:५९:५९ नंतर २३:५९:६० येते आणि मगच ००:००:००. असे २७ सेकंद आजवर घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ चा. १९९९ ते २००५ या मधल्या सात वर्षांत मात्र २००५ च्या अखेरपर्यंत एकाचीही गरज पडली नाही.

संगणकांना हा साठावा सेकंद मानवत नाही. बहुतेक प्रणाली दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतात, म्हणून एक सेकंद दोनदा मोजला जातो आणि घटनांचा क्रम बिघडतो. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाने लिनक्सवर चालणारे अनेक सर्व्हर अडकले. त्यावरचा तात्पुरता उपाय मोठा मजेशीर होता: घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा लावून द्यायची, की सर्व्हर शांत. काही कंपन्या आता तो एक सेकंद चोवीस तासांवर पसरून घेतात. जीपीएसने तर लीप सेकंद पाळलाच नाही. १९८० पासून चाललेली त्याची वेळ आज जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे.

त्यातच अलीकडे पृथ्वीने उलटी चाल धरली. गाभा आणि बाह्य थर यांच्यातील देवघेवीमुळे परिवलनाचा वेग दशकांच्या मापाने कमी-जास्त होत असतो. २०२० पासून ८६,४०० सेकंदांपेक्षा लहान दिवस अधिक वेळा येऊ लागले. ५ जुलै २०२४ चा दिवस १.६६ मिलिसेकंदांनी लहान होता. हा कल टिकला तर एक सेकंद गाळावा लागेल, आणि तसा प्रसंग आजवर एकदाही आलेला नाही. ध्रुवांकडचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरल्याने परिवलन किंचित मंदावते, त्यामुळे ही वेळ लांबते आहे. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवले की २०३५ पर्यंत ०.९ सेकंदाची मर्यादा सैल करायची. त्यानंतर घड्याळ आणि पृथ्वी यांतला फरक बराच काळ, कदाचित शतकभर, तसाच साठू दिला जाईल.