रोहित्रातलं तेल आणि ५० पीपीएमचा आकडा : पार्श्वभूमी

डीपीतून, म्हणजे वितरण रोहित्रातून, तेल सांडलं तर कोणाला कळवायचं आणि किती वेळात, या प्रश्नाचं उत्तर भारतातल्या कुठल्याही एका नियमात मिळत नाही. या तेलाकडे कायद्याने दोन वेगळ्या काळांत दोन वेगळ्या भीतीपोटी पाहिलं. आधी आगीची भीती होती, पुढे विषाची, म्हणजे तेलात आढळणाऱ्या पीसीबी या रसायनाची आली. पहिलीतून वीजखात्याचे नियम झाले, दुसरीतून पर्यावरणखात्याचे. दोन्ही नियमावल्या आपापल्या जागी उभ्या आहेत आणि सांडलेलं तेल त्यांच्या मधल्या जागेत मुरतं.

आगीचा धागा जुना आणि सरळ आहे. १९५६ च्या वीज नियमांत उपकेंद्रासाठी दोन आकडे होते. उपकरणात २,००० लिटरपेक्षा जास्त तेल असेल तर आग अडवणाऱ्या भिंती आणि तेल मुरवायचा खड्डा हवा. एकाच टाकीत ९,००० लिटरपेक्षा जास्त असेल तर निसटलेलं तेल काढून नेण्याची सोय हवी. २०१० मध्ये जुन्या नियमांची जागा नव्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि हे आकडे त्यांत तसेच उतरले. खड्ड्याचा हेतू पेटतं तेल शेजारच्या उपकरणापर्यंत जाऊ नये एवढाच होता. माती किंवा विहीर वाचवणं हा हेतू त्या मजकुरात नाही. शिवाय गावातल्या साध्या डीपीत तेल असतं शंभर-दोनशे लिटर, म्हणजे ती या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी खाली राहते.

कळवण्याची पद्धतही त्याच धाग्याची. २००३ च्या वीज कायद्याखाली अपघाताची पहिली सूचना २४ तासांत आणि लेखी अहवाल ४८ तासांत द्यायचा असतो, पण अपघात म्हणजे माणूस किंवा जनावर मरणं, जखमी होणं किंवा तशी शक्यता निर्माण होणं. ठरावीक नमुन्यात बळीचा तपशील आहे, इजेचं वर्णन आहे, प्रथमोपचाराचा रकाना आहे. तेलाला रकाना नाही. म्हणून रात्रीत शंभर लिटर तेल जमिनीत गेलं तरी ती कागदावर घटना ठरत नाही. देखभालीच्या वहीत ‘ऑइल लीकेज’ एवढा शेरा पडतो, गॅस्केट बदलतात, वरून तेल भरतात आणि विषय संपतो. चोरट्यांनी डीपी फोडली तर चोरीचा गुन्हा नोंदवला जातो. पंचनाम्यात गेलेल्या तांब्याची आणि तेलाची किंमत येते. त्यातलं जे तेल खाली सांडलं त्याचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

विषाचा धागा आपल्याकडे बाहेरून आला, आणि खरा गुंता त्यातच आहे.

पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी, यांचं व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९२९ मध्ये अलाबामात सुरू झालं. (आपल्याकडे ही तीन अक्षरं इलेक्ट्रॉनिक पाट्यांसाठीही वापरतात आणि प्रदूषण मंडळासाठीही, त्यामुळे पत्रव्यवहारात घोटाळे होतात. इथे अर्थ फक्त रसायनाचा.) हे द्रव सहज पेटत नाही, म्हणून खनिज तेलाच्या आगीवरचा उपाय म्हणून ते इमारतींच्या तळघरांतल्या रोहित्रांत भरलं गेलं. अ‍ॅस्करेल हे अशा द्रवांचं सर्वसाधारण नाव. म्हणजे पहिल्या भीतीवर शोधलेल्या औषधातूनच दुसरी भीती जन्माला आली. १९६६ मध्ये स्वीडनमध्ये मासे आणि गरुडांच्या शरीरात हे रसायन सापडलं. १९६८ मध्ये जपानमध्ये कोंड्याच्या खाद्यतेलात ते मिसळलं आणि शेकडो माणसं आजारी पडली. १९७६ च्या अमेरिकी कायद्याने पीसीबीचं नाव घेऊन बंदी घातली.

त्या कायद्यात ‘इतक्या प्रमाणापर्यंत चालेल’ असं कुठेही नव्हतं. आकडा आला अंमलबजावणीच्या नियमांत. १९७८ मध्ये तो दशलक्षात ५०० भाग, म्हणजे ५०० पीपीएम, होता, ३१ मे १९७९ च्या नियमात ५० झाला. ५० पीपीएम ही आरोग्याची रेघ आहे, खाली सुरक्षित आणि वर धोकादायक, असा समज आजही सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. ती प्रशासकीय सोयीची रेघ होती. याहून खाली गेलं तर इतकं तेल, इतकी उपकरणं आणि इतके उद्योग कक्षेत येतील की यंत्रणेला पेलवणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. एक पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली. ऑक्टोबर १९८० मध्ये निकाल लागला : ५० ची मर्यादा पुराव्याने सिद्ध होत नाही, आणि विजेची उपकरणं ‘पूर्णपणे बंदिस्त’ असतात हे गृहीतकही टिकत नाही. दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. सील झिरपतं, बुशिंगखालून ओल येते, हे कोणताही वायरमन सांगेल. कायद्याच्या भाषेत ते पहिल्यांदा तिथे मान्य झालं.

निकालाची अंमलबजावणी मात्र लांबवण्यात आली. नव्या अभ्यासांसाठी मुदत दिली गेली, ऑगस्ट १९८२ मध्ये विजेच्या उपकरणांसाठी वेगळा नियम आला, आणि ५० चा आकडा त्यातही वर्गवारीचा पाया म्हणून राहिला. न्यायालयाने पाडलेला आकडा सवयीने उभा राहिला. पुढच्या चाळीस वर्षांचे सगळे तक्ते, सगळ्या पट्ट्या, सगळ्या चाचण्या त्याच्याच भोवती बांधल्या गेल्या.

मधल्या काळात दोन घटना घडल्या. १९७८ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलिनात रोहित्रांतलं दूषित तेल रातोरात सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडेला ओतण्यात आलं. नियमाप्रमाणे विल्हेवाट लावायचा खर्च वाचवणं हे कारण होतं. खरवडलेली माती पुरायला ज्या काउंटीची जागा निवडली तिथली वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब होती. १९८२ मध्ये लोक ट्रकांपुढे आडवे झाले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. दुसरी घटना फेब्रुवारी १९८१ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये अठरा मजली सरकारी इमारतीच्या तळघरातल्या रोहित्राला आगीची झळ लागली. सुमारे १८० गॅलन, म्हणजे सातशे लिटरच्या आत-बाहेर द्रव बाहेर पडला, आणि त्याची काजळी हवेच्या मार्गांनी सगळ्या मजल्यांवर पोचली. इमारत पुन्हा उघडली १९९४ मध्ये. अशा रोहित्रांची नोंद अग्निशमन दलाकडे करायची अट १९८५ मध्ये आली, ती अशाच आगींमुळे.

सांडलेल्या तेलाचं काय करायचं याचं अमेरिकेतलं पहिलं सविस्तर धोरण २ एप्रिल १९८७ चं. तोवर तिथल्या पर्यावरण संस्थेचं प्रत्येक विभागीय कार्यालय आपापल्या मनाने साफसफाईचा दर्जा ठरवत होतं. वीजकंपन्यांच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या संघटनांनी एकत्र बसून काढलेला तोडगा त्याचा आधार होता. पाळलं तर कारवाई होणार नाही असं आश्वासन त्यात होतं. तेलात पीसीबी ५०० पीपीएमहून कमी आणि सांडलेल्या पीसीबीचं वजन एका पौंडाखाली असेल तर ती ‘कमी तीव्रतेची’ सांड. ४८ तासांत साफ करायची, दिसणाऱ्या डागासह भोवतालची एक फूट माती उचलायची, स्वच्छ माती भरायची आणि नोंद ठेवायची. त्यावरची असेल तर २४ तासांत जागा अडवून काम सुरू करायचं. मूळ उपकरणातली तीव्रताच धरायची, ही अट महत्त्वाची होती. ७० पीपीएमचं तेल मातीत मिसळून चाचणीत २० दिसलं तरी ते ७० चंच.

एका पौंडाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४५४ ग्रॅम पीसीबी सांडायला ५० पीपीएमचं तेल दहा हजार लिटरच्या वर लागेल. ४९९ पीपीएमचं असलं तरी हजार लिटर. धोरणातही न तपासलेल्या खनिज तेलासाठी २७० गॅलन, म्हणजे सुमारे हजार लिटर, हाच आकडा आहे. म्हणजे खांबावरचं दूषित रोहित्र पूर्ण रिकामं झालं तरी ते वजनाच्या उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. साफ करायचं, पण वरिष्ठ यंत्रणेला कळवायचं नाही. वीजकंपन्यांना हे सोयीचं होतं यात शंका नाही. तरीही धोरणात एक दार उघडं ठेवलं होतं, आणि त्या तडजोडीतला सर्वांत शहाणपणाचा भाग मला तोच वाटतो. सांडलेलं तेल पाण्यात, गटारात, चराऊ कुरणात किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यात गेलं तर वजन कितीही असो, कळवायचंच. आपल्याकडची डीपी बहुधा शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ असते. तिला लागू पडेल अशी अट पौंडाची नाही, ही आहे.

पीसीबी नसलेल्या तेलासाठी अमेरिकेत वेगळा मार्ग होता, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. १९७० पासूनची कसोटी अशी, की पाण्यावर तवंग दिसला की कळवा. लिटर मोजायचे नाहीत. साध्या डोळ्यांना कळणारी ही खूण होती, आणि तरीही तिला एक भोक होतं. शुद्ध अ‍ॅस्करेल पाण्याहून जड असल्याने तळाशी जातं. तवंग खनिज तेलाचा येतो, सर्वांत विषारी द्रव न दिसता बुडतो.

तेल सांडू नये म्हणून केलेल्या १९७३ च्या अमेरिकी प्रतिबंधक नियमावरून आणखी एक वाद झाला. रोहित्रातलं तेल ‘साठवलेलं’ की ‘वापरातलं’? साठवलेलं म्हटलं तर प्रत्येक रोहित्राभोवती बांध घालावा लागेल. २००२ च्या दुरुस्तीने ते नियमाच्या कक्षेत असल्याचं स्पष्ट केलं, २००६ मध्ये सवलत आली : मागच्या तीन वर्षांत मोठी सांड झाली नसेल तर बांधाऐवजी तपासणीची पद्धत आणि आपत्कालीन आराखडा चालेल.

५० चा आकडा मग आंतरराष्ट्रीय झाला. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम करारात तो ०.००५ टक्के या वेषात आहे. आधी १० टक्क्यांवरची उपकरणं शोधा, मग ०.०५ टक्क्यांवरची, आणि मग ०.००५ वरचीही शोधण्याचा प्रयत्न करा. वापर २०२५ पर्यंत बंद, विल्हेवाट २०२८ पर्यंत. भारताने करार २००६ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे पीसीबीचं उत्पादन होत नव्हतं. ते आयात उपकरणांतून आलं आणि देखभालीतून पसरलं. एकच फिल्टर मशीन या रोहित्रावरून त्या रोहित्रावर नेलं, एकाच पिंपातून वरचं तेल भरलं, की स्वच्छ रोहित्रही बाधित होतं. पाटीवर ‘खनिज तेल’ लिहिलंय यावरून काही सिद्ध होत नाही.

एप्रिल २०१६ च्या केंद्रीय आदेशाने उत्पादन आणि आयात बंद केली, वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठेवली आणि पीसीबी जमिनीवर, गटारात किंवा पाण्यात सोडायला मनाई केली. त्याच वर्षीच्या घातक कचरा नियमांत मात्र वेगळा आकडा आहे. वापरलेलं तेल पुनर्प्रक्रियेला द्यायचं तर पीसीबी २ पीपीएमच्या खाली हवं, आणि हा २ चाचणी यंत्राला कमीत कमी किती प्रमाण ओळखता येतं यावरून ठरलेला आहे. म्हणजे ३० पीपीएमचं तेल ५० च्या खाली असल्याने रोहित्रात असताना बाधित ठरत नाही. तेच तेल पिंपात उतरवलं की पुनर्प्रक्रियेला चालत नाही. आणि सांडलं तर? सांडलेलं तेल रोहित्रातलंही नाही आणि पिंपातलंही नाही. घातक कचऱ्याच्या ठिकाणी किंवा वाहतुकीत अपघात झाला तर राज्याच्या मंडळाला लगेच कळवायचं, असा नियम आहे. पण खांबावर चालू असलेली डीपी कचऱ्याची जागा नसते आणि तिच्यातलं तेल, सांडेपर्यंत, कचरा नसतं.

घोळ कमी करण्यासाठी काही ठिकाणी वनस्पतिजन्य एस्टर तेलं वापरात आली आहेत. ती लवकर विघटित होतात आणि त्यांचा ज्वलनांक खनिज तेलाहून खूप वर आहे. अमेरिकेत तीही तेलच मानली जातात, तवंगाची अट त्यांनाही आहे.

१९८७ च्या धोरणात ४८ तासांचं घड्याळ सुरू होतं ते जबाबदार कंपनीला सांड झाल्याचं समजल्यापासून, सांडल्यापासून नव्हे. लाइनमन डीपीकडे महिन्यातून एकदा येत असेल तर मधल्या दिवसांची मोजणी तिथेही होत नाही. फरक इतकाच की तो आला, त्याने वास घेतला, काळी पडलेली माती पाहिली, तर पुढे कोणत्या कागदावर काय लिहायचं हे तिथे ठरलेलं आहे.