प्लगच्या आकाराला काय सांगायचे असते?

संगणकाच्या मागच्या बाजूला वीजपुरवठ्याची कॉर्ड खोचताना तिच्या टोकाकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. वास्तविक त्या टोकाचा आकार, पिनांची संख्या आणि कडेची एखादी खाच यांवरून त्या जोडणीने किती विद्युतप्रवाह व किती उष्णता सोसायची, हे कळू शकते.

पिन सॉकेटमध्ये घट्ट बसली, तरी दोन्ही धातू एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो आणि त्यावरील मोजके उंचवटेच समोरच्या उंचवट्यांना भिडतात. सगळा प्रवाह त्या चिंचोळ्या वाटांमधून जातो. तेथे होणाऱ्या विरोधाला स्पर्शरोध म्हणतात. सॉकेटमधील स्प्रिंगदार पट्टी पिनेला जितक्या जोराने दाबून धरते, तितका खरा स्पर्श वाढतो आणि रोध कमी होतो. पट्टी सैल पडली किंवा धातूवर ऑक्साइडचा थर चढला, की उलट घडते. स्पर्शरोध ०.०१ ओहम असताना १० अँपिअर प्रवाहामुळे १ वॅट उष्णता निर्माण होते. तोच रोध ०.१ ओहम झाला, तर १० वॅट. प्लॅस्टिकच्या इवल्याशा कवचात कोंडलेली ही उष्णता स्प्रिंगचा ताण आणखी घालवते, ऑक्सिडीकरण वाढवते आणि त्यामुळे रोध पुन्हा चढतो. म्हणून तपकिरी पडलेला प्लग पाहिल्यावर केवळ उपकरणाला दोष देऊ नये. सैल सॉकेटही तितकेच संशयास्पद असते, आणि ते बदलेपर्यंत वापरू नये.

उपकरण आणि सुटी कॉर्ड यांच्यातील जोडण्यांसाठी आयईसी ६०३२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात साधारणपणे कॉर्डच्या टोकावरील भागाला विषम आणि उपकरणावरील भागाला त्यापुढचा सम क्रमांक असतो. संगणकाला लावायची परिचित तीन छिद्रांची कॉर्ड म्हणजे सी-१३ आणि संगणकावरील पिना म्हणजे सी-१४. उघड्या पिना उपकरणाकडे आणि छिद्रे कॉर्डकडे असण्यामागे विचार आहे: उपकरणापासून सुटलेल्या कॉर्डमध्ये वीज असू शकते, त्यामुळे तिचे जिवंत धातुभाग बोटांना सहज लागता कामा नयेत.

या मानकानुसार सी-१३ साठी १० अँपिअर आणि पिनेचे ७० अंश सेल्सिअस तापमान ही मर्यादा आहे. पाणी उकळण्याच्या किटलीसारख्या तापणाऱ्या उपकरणांसाठी असलेला सी-१५ दिसायला जवळजवळ तसाच असतो, परंतु १२० अंशांपर्यंत चालतो. त्याच्या कडेला एक खाच असते आणि उपकरणावरील सी-१६ मध्ये तिच्याशी जुळणारा उंचवटा. त्यामुळे सी-१५ ची कॉर्ड संगणकाला चालते, पण संगणकाची कॉर्ड किटलीत शिरत नाही. चूक फक्त निर्धोक दिशेनेच करता यावी, अशी ही सोय मला अभियांत्रिकीचा उत्तम नमुना वाटते. अधिक प्रवाहासाठी १६ अँपिअरचा सी-१९ असतो. आठच्या आकड्यासारख्या सी-७ मध्ये अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी, पिनच नसते, कारण तो दुहेरी विद्युतरोधन असलेल्या उपकरणांसाठी असतो.

अडॅप्टरच्या गोल जॅकबाबत मात्र अशी शिस्त नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटर व्यासाचे दोन जॅक एकसारखे दिसतात, पण एकाच्या आतील व्यास २.१ आणि दुसऱ्याचा २.५ मिलिमीटर असू शकतो. मोठ्या छिद्राचा प्लग बारीक पिनेवर बसतो, मात्र हलला की संपर्क तुटतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, व्होल्टेज किती आहे आणि मधला भाग धन आहे की ऋण, हे आकारावरून समजतच नाही. म्हणून जॅक बसला तरी अडॅप्टर आणि उपकरण यांवरील व्होल्ट व ध्रुवतेच्या खुणा जुळवून पाहायलाच हव्यात. अडॅप्टरवर छापलेले अँपिअर मात्र उपकरणाच्या गरजेपेक्षा जास्त असले, तर बिघडत नाही. प्रवाह उपकरण आपल्या गरजेपुरताच ओढते.

यूएसबी-सी मध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. मानकानुसार बनवलेला चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो आणि समोरच्या उपकरणाशी संकेतांची देवाणघेवाण झाल्यावरच व्होल्टेज वाढवतो. ५ अँपिअर वाहून नेणाऱ्या केबलमध्ये स्वतःची क्षमता सांगणारी चिप असावी लागते. ती सापडली नाही, तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही.