पेपर फेकणाऱ्या मुलाला काय वाटत असतं?

घटक चाचणीचा पेपर हातात पडून पाच मिनिटंही झालेली नसतात. एक मुलगा पेन्सिल बाकावर आपटतो, शेजाऱ्याची पट्टी ओढतो, बाई ओरडल्या की पेपर चुरगळून फेकतो. 'बाहेर उभा राहा!' तो निघतो, आणि दारापाशी पोचेपर्यंत त्याचे ताठरलेले खांदे सैल पडतात.

त्याची सुटका झालेली असते. एखाद्या वागण्यामुळे नकोशी गोष्ट टळली की ते वागणं पक्कं होतं. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. आपण केली शिक्षा, त्याला मिळालं बक्षीस. पुढच्या चाचणीत पेपर आणखी लवकर फेकला जातो.

अशा मुलांना परीक्षेचं काहीच वाटत नाही, हा समज या मुलांवर अन्याय करतो. 'अभ्यासच केला नव्हता' असं म्हणणं सोपं. 'केला होता, तरी जमलं नाही' हे फार लागतं. त्यात काळजीचे विचार वर्किंग मेमरीतली, म्हणजे काम करताना माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीतली, जागा अडवतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाणारी अवस्था, असलेल्या मुलांकडे ती बहुधा आधीच तोकडी असते.

जादा वेळ हा पहिला उपाय सुचतो. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा होती, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. पण ज्याला बसवतच नाही, त्याच्यासाठी तो आणखी एक तास बसणं आहे. त्याला वेळेचे तुकडे हवेत.

20 गुणांचा पेपर कापून पाच-पाच गुणांच्या चार पट्ट्या करा. एका वेळी एकच द्या. पहिल्या पट्टीत त्याला नक्की येणारा एक प्रश्न असू द्या. पट्टी परत आली की दोन मिनिटं उभं राहणं, पाणी पिणं, मग पुढची. ही सुट्टी ठरलेल्या जागीच द्या. पेन्सिल आपटल्यावर दिलीत, तर आपटणं हीच सुट्टीची किल्ली होते. बाईंच्या टेबलासमोर एकट्याला बसवू नका, सगळा वर्ग बघत राहतो. भिंतीकडचा बाक बरा.

पेपरनंतर 'कसा गेला?' विचारलं की 'बरा' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी पोटात गोळा आला त्या प्रश्नाशेजारी ठिपका काढायला सांगा. ठिपके सारखे शाब्दिक उदाहरणांवर पडत असतील, तर त्याचं वाचन तपासून घ्या. वर्तनाच्या तक्रारीआड अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, अनेकदा दडलेली असते.